अंतर 5,540 किमी, मग तास नक्की किती?

खिडकीशेजारी

मंडळी, प्रश्न शाळकरी वाटेल, पण गेले दोन महिने डोक्यात भुंगा घातलाय त्याने.

कामानिमित्त माझी लंडन–न्यूयॉर्क अशी ये-जा असते. हीथ्रो ते जेएफके. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी संकेतस्थळं असतात ना, त्यातल्या एकावर हे अंतर 5,540 किमी दिसतं आणि दुसऱ्यावर 5,555. पहिल्यावर वेळ दिलाय 7 तास 25 मिनिटं. तिकिटावर मात्र जाताना 8 तास 10 मिनिटं आणि येताना 7 तास.

मला एक जुनी खोड आहे, विमानात बसलं की वहीत वेळा टिपून ठेवते. गेल्या फेरीच्या नोंदी जशाच्या तशा देते.

जाताना: गेट सोडल्यापासून चाकं उचलेपर्यंत 24 मिनिटं, हवेत 7 तास 32, चाकं टेकल्यापासून गेटला लागेपर्यंत 9. एकूण 8 तास 5 मिनिटं.

येताना: 22 मिनिटं, 5 तास 48, 17 मिनिटं. एकूण 6 तास 27.

विमानतळ तेच, विमानाचा प्रकारही तोच. तरी नुसत्या हवेतल्या वेळात पावणेदोन तासांचा फरक! शेजारच्या प्रवाशाला विचारलं तर म्हणाला "वारा", आणि डोळ्यांवर पट्टी ओढून झोपला. एवढं मलाही कळतं हो. पण वारा म्हणजे किती वारा? तो परतीला भरून का निघत नाही? ते 15 किमी कुठून आले? आणि 7 तास 25 हा आकडा कोणी, कशावरून काढला?

घाईत

अंतर भागिले वेग. पुढचा धागा.

खिडकीशेजारी

@घाईत, कुठला वेग घेऊ? समोरच्या पडद्यावर जाताना ताशी 770 किमी दिसत होता, येताना 1,120.

तर्कट

यात वाऱ्याचा संबंध कमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला निघालेल्या विमानाला तिच्या फिरण्याची ढकल मिळते. पश्चिमेला जाणारं विमान त्या फिरण्याच्या विरुद्ध झगडतं. सोपं आहे.

भूगोलाच्या बाई

तर्कट, पंचवीस वर्षं वर्गात हे उत्तर ऐकत आलेय, त्यामुळे रागावत नाही. गंमत म्हणजे दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं याच्या बरोबर उलटं सांगतात: पृथ्वी फिरून न्यूयॉर्कच आपल्याकडे येतं, म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं. दोघांचीही चूक एकच आहे. हवा पृथ्वीबरोबर फिरते हे दोघंही विसरतात.

विषुववृत्तावर जमिनीचा फिरण्याचा वेग ताशी सुमारे 1,670 किमी, लंडनच्या अक्षांशावर साधारण 1,040. हवा जागच्या जागी थांबली असती तर तासभर अधांतरी राहिलेलं हेलिकॉप्टर खाली उतरेपर्यंत त्याच्याखाली भलताच देश आला असता. आणि आपण दारात उभे राहिलो तर तोंडावर हजार किमीचा वारा आला असता.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात नाही असंही नाही. तो मागच्या दाराने येतो. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे उंचावर हवा ध्रुवाच्या दिशेने सरकू पाहते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे वाटेत वळते. त्यातून दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अरुंद, जोरकस पट्ट्या तयार होतात. त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, पट्टी आणखी जोर धरते. म्हणून जानेवारीत येणं-जाणं यातला फरक जुलैपेक्षा मोठा दिसतो.

अवांतर: 1920च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल छापला तो एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत! फारसा कोणी वाचला नाही. पुढे 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून जाऊ लागली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्याची ओळख चांगलीच पटली.

तर्कट

म्हणजे माझं अर्धं बरोबर.

भूगोलाच्या बाई

पाव. तेही चांगल्या अक्षराचं.

हिशेबनीस

"परतीला भरून का निघत नाही" हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. कागद-पेन्सिल घ्या.

विमानाचा हवेच्या तुलनेत वेग ताशी 900 किमी धरू. अंतर 5,550. वारा अजिबात नसेल तर एका बाजूला 6 तास 10 मिनिटं, दोन्ही मिळून 12 तास 20. आता ताशी 150 किमीचा वारा सगळ्या वाटेवर धरा. पाठीवर घेतलात तर जमिनीच्या तुलनेत वेग 1,050, वेळ 5 तास 17. तोच वारा तोंडावर आला तर वेग 750, वेळ 7 तास 24. बेरीज 12 तास 41.

21 मिनिटं गेली कुठे? पाठीवरचा वारा 53 मिनिटं वाचवतो आणि तोंडावरचा 74 मिनिटं खातो. कारण तोंडावरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून राहता. वारा जितका जोराचा तितका तोटा वाढत जातो. नावाड्यांना हे विमानांच्या आधीपासून ठाऊक आहे: प्रवाहाबरोबर जाऊन उलट परतणाऱ्याला संथ पाण्यापेक्षा नेहमी जास्त वेळ लागतो.

तुमचा 5:48 आणि 7:32 या हिशेबात छान बसतो. चढणं, उतरणं, वळसे यांची थोडी भर पडलीय इतकंच.

भूगोलाच्या बाई

आता 15 किमी. पृथ्वी पूर्ण गोल मानून अंतर काढलं तर हीथ्रो आणि जेएफके यांच्यात पृथ्वीच्या केंद्राशी 49.82 अंशांचा कोन होतो. एक अंश म्हणजे पृष्ठभागावर 111.2 किमी. गुणाकार केलात की 5,540. पण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्तीय त्रिज्या 6,378 किमी, ध्रुवीय 6,357. हे चपटेपण हिशेबात घेणारं सूत्र वापरलं की 5,555 येतात. म्हणजे तुमची दोन्ही संकेतस्थळं खरं बोलतायत, एकाची पृथ्वी चेंडूसारखी आहे आणि दुसऱ्याची जरा दाबलेली. ही तफावत सहसा अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते.

वैमानिकांचा सागरी मैल इथे फार सोयीचा पडतो. एक मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, 1.852 किमी. अंशांना 60 ने गुणलं की मैल हातात. 49.82 गुणिले 60, म्हणजे 2,989.

नवखा प्रवासी

मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. पडद्यावरच्या नकाशात विमान सरळ न जाता वर उत्तरेकडे कमान का करतं? सरळ गेलं तर जवळ पडणार नाही का?

भूगोलाच्या बाई

मुळीच मूर्ख नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर न्यूयॉर्क आणि माद्रिदवर बोटं ठेवा. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेचाळीस अंशांच्या आसपास. आता दोरा घेऊन दोन्ही टोकांना ताणून धरा. दोरा अक्षांशाच्या रेषेवर थांबतच नाही, वर सरकतो आणि मधोमध 46 अंशांच्याही पुढे जातो. ताणलेला दोरा म्हणजे सगळ्यात जवळची वाट, ग्रेट सर्कल, आपल्या पुस्तकांतलं बृहद्वृत्त. अक्षांश धरून नाकासमोर पूर्वेला गेलात तर साधारण 170 किमी जास्त पडतात.

कमान दिसते ती सपाट नकाशामुळे. मर्केटरने 1569 मध्ये नकाशा काढला तो होकायंत्राचा एकच कोन धरून जाणाऱ्या खलाशांसाठी. त्यांची वाट त्याने सरळ केली, आणि त्या बदल्यात जवळची वाट वाकडी दिसू लागली. दक्षिण गोलार्धात हीच कमान खाली झुकते. सिडनी ते सँतियागो दोरा ताणून बघा, जवळपास 62 अंश दक्षिणेपर्यंत उतरतो.

नवखा प्रवासी

दोरा लावून बघितला. आता मुलगा गोल परत द्यायला तयार नाही.

रात्रपाळी

बऱ्याच दिवसांनी माझ्या धंद्याचा धागा दिसला. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कुठल्या वाटेने, किती इंधन घेऊन जाणार याचा आराखडा आम्ही बनवतो. बाईंचा दोरा आणि हिशेबनिसांचा वारा दोन्ही बरोबर आहेत, पण प्रत्यक्षात आम्ही दोऱ्यावरून क्वचितच उडवतो.

आम्हाला कमीत कमी किलोमीटर नको असतात, कमीत कमी हवा कापायची असते. वाट 200 किमीने लांबली पण जेट स्ट्रीमची पाठ मिळाली तर आम्ही डोळे मिटून लांबची वाट घेतो. पश्चिमेला जाताना उलट, त्या पट्टीला वळसा घालतो. तेव्हा "विमानतळ तेच" एवढं खरं, रस्ता तोच नसतो. उत्तर अटलांटिकवर तर समुद्रातले पदरी रस्ते रोज नव्याने आखले जातात. पश्चिमेकडे जाणारे शॅनविक हे हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र ठरवतं, पूर्वेकडे जाणारे कॅनडातलं गँडर केंद्र. पश्चिमेच्या पदरांना उत्तरेकडून ए, बी, सी अशी अक्षरं, पूर्वेच्या पदरांना दक्षिणेकडून झेड, वाय, एक्स. आज ज्या पदरावरून गेलात तो उद्या शेकडो किमी सरकलेला असू शकतो.

आता वहीबद्दल. @खिडकीशेजारी, तुम्ही नकळत आमच्याच धंद्याची नोंद ठेवताय! आमच्याकडे या चार वेळांना आउट, ऑफ, ऑन, इन म्हणतात. गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेटला लागलं. विमान हे चार निरोप स्वतःच पाठवतं. जमिनीवर विमानाचा भार चाकांवर असतो, तो गेला की खटका पडतो आणि "ऑफ"ची वेळ लागते.

तिकिटावरचा वेळ आउट ते इन असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपाशी लागणारी रांग आहे, मोसमाचा सरासरी वारा आहे, आणि वर थोडी चरबीही (मुद्दाम वाढवलेली मिनिटं) आहे. बऱ्याच ठिकाणी ठरल्या वेळेपासून 15 मिनिटांच्या आत पोचलं की उड्डाण "वेळेवर" धरलं जातं. मग वेळापत्रक करणारा हात आखडता कशाला घेईल?

आणि तुमच्या त्या 7 तास 25 चं गूढ: 5,540 भागिले 800 म्हणजे 6 तास 55, त्यात 30 मिनिटं घाला. अशा गणकांचा हा नेहमीचा ठोकताळा. त्याला दिशा कळत नाही, ऋतू कळत नाही.

घाईत

म्हणजे माझंच सूत्र! फक्त अधिक अर्धा तास.

हिशेबनीस

@घाईत, तुमचं सूत्र स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर नेऊन बघा. वेस्टरे ते पापा वेस्टरे, अंतर 2.7 किमी. सूत्राप्रमाणे 30 मिनिटं. वेळापत्रकात दोन मिनिटं आहेत, आणि वारा बरा असेल तर मिनिटभराच्या आतही उतरलेत.

पण मोठ्या जेट विमानांतही छोट्या पल्ल्यावर हे गणित कोलमडतं. 35,000 फुटांवरून उतरायला विमानतळाच्या जवळजवळ 195 किमी आधीच सुरुवात करावी लागते (हजार फुटांना तीन सागरी मैल). 10,000 फुटांखाली बहुतेक ठिकाणी 250 नॉटची (ताशी 250 सागरी मैलांची) मर्यादा. 300 किमीच्या उड्डाणात मग पूर्ण वेगाने जायला जागा उरतेच कुठे? चढलं की उतरायला लागायचं. त्यामुळे तिथे सरासरी वेग लाजिरवाणा निघतो आणि लांब पल्ल्यावर तेच विमान वाघ वाटतं.

उलटा नकाशा

रात्रपाळीताईंच्या मुद्द्याला माझ्या संग्रहातलं आवडतं उदाहरण. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. दोरा ताणला तर साधारण 12,380 किमी. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे 13,900 किमी. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून उड्डाण नेलं. अंतर झालं जवळजवळ 15,300 किमी, आणि वेळ साडेचौदा तास. 1,400 किमी वाढवूनही आधीपेक्षा लवकर पोचले, कारण सगळ्या वाटेवर वारा पाठीशी.

माझा एक मित्र हे ऐकून म्हणाला होता, "म्हणजे लांबून गेलं की जवळ पडतं." त्याला अजून चिडवतो आम्ही. पण चुकीचं काय बोलला?

बंद फाटक

वारा झाला, माणसांनी घातलेली कुंपणं राहिली. 2022 मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली. हेलसिंकी ते टोकियो दोऱ्याने 7,830 किमीच्या आसपास, आधी साडेनऊ तासांत व्हायचं, ते एकदम तेरा तासांवर गेलं. उत्तर ध्रुवावरून नाहीतर दक्षिणेकडून वळसा. संकेतस्थळावरचं अंतर मात्र एका मीटरने बदललं नाही! 2019 मध्ये पाकिस्तानची हद्द काही महिने बंद होती, आणि एप्रिल 2025 मध्ये ती भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झाली. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांनी हाच अनुभव घेतला.

रात्रपाळी

बरोबर. आणि डोंगर. तिबेटच्या पठारावरून वाटा कमी का? केबिनमधला दाब गेला तर 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू सहसा बारा-पंधरा मिनिटांपुरता असतो, आणि तिथे खालची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर! दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावर पर्यायी विमानतळापासून किती मिनिटं दूर जाता येईल याचीही मर्यादा असते. पूर्वी 60 मिनिटं होती, 1985 पासून 120 मिळू लागली. आता काही विमानांना 370 पर्यंत आहे, त्यामुळे हा अडसर बराच सुटला.

नवखा प्रवासी

ताई, विमान उशिरा सुटलं तर वैमानिक जोरात का नेत नाहीत? माझं पुढचं विमान असंच चुकलं. पहिलं चाळीस मिनिटं उशिरा निघालं, आणि कर्मचारी म्हणाले "हवेत भरून काढू". उतरलो तेव्हा चाळीसची पस्तीस झाली होती.

रात्रपाळी

पाच मिनिटं भरून काढली म्हणजे त्याने प्रामाणिक प्रयत्न केलेला दिसतो!

मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या 0.85 पटीने उडतात, त्या उंचीवर साधारण ताशी 907 किमी. ढकलून ढकलून 0.87 करता येईल. दहा तासांच्या उड्डाणात त्याने वाचतात 14 मिनिटं, आणि इंधनाचा चट्टामट्टा. वेळ महाग की इंधन महाग, याचा एक आकडा प्रत्येक उड्डाणाला दिलेला असतो, त्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात. वैमानिक त्याच्या फार बाहेर जात नाही. उशीर भरून निघतो तो बहुतेक वेळा वेळापत्रकातल्या चरबीतून, आणि लोकांना वाटतं वैमानिकाने पाय दाबला.

तर्कट

पडद्यावर 1,120 म्हणजे ध्वनीच्या वेगापुढे गेलं की! ती विमानं ध्वनीची भिंत फोडतात, पण आपल्याला सांगत नाहीत.

हिशेबनीस

नाही हो. ध्वनी हवेतून जातो आणि हवाच विमानाबरोबर पळतेय. पडद्यावरचा वेग जमिनीच्या तुलनेत असतो. 8 फेब्रुवारी 2020 ला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं 747 विमान वादळाच्या वाऱ्यावर जेएफकेहून हीथ्रोला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी 1,300 किमीच्या वर गेला होता, तरी हवेच्या हिशेबात ते रोजच्याच चालीने चाललं होतं. ज्याने खरोखर भिंत ओलांडली ते काँकॉर्ड, 7 फेब्रुवारी 1996, तीच वाट, 2 तास 52 मिनिटं 59 सेकंद.

घाईत

एक शंका. तिकिटावर लंडनहून निघणार दुपारी 1:00, न्यूयॉर्क 4:10. म्हणजे तीन तास दहा मिनिटं. मग हे आठ तास कुठून काढले सगळ्यांनी?

भूगोलाच्या बाई

घाईत, तुम्ही घड्याळं वजा केलीत, दोन वेगवेगळ्या भिंतींवरची. पाच तासांचा फरक मिळवा. आणि तोही बारा महिने पाच नसतो बरं! उन्हाळी वेळ अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागते आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत फरक चार तासांचा. शरद ऋतूतही आठवडाभर तसंच होतं. त्या दिवसांत तुमचंच विमान तेवढ्याच वेळात जाऊन भिंतीवरच्या घड्याळात 5:10 ला पोचेल. दोन्हीकडच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाण वेळेत, आणून वजाबाकी करा, चुकायची भीती नाही.

खिडकीशेजारी

सगळ्यांना दंडवत. परवा पुन्हा फेरी झाली, न्यूयॉर्कहून लंडन. या वेळी शहाणी होऊन वहीत रकाने आखले: आउट, ऑफ, ऑन, इन.

आउट ते ऑफ 31 मिनिटं, सहाव्या नंबरला होतो. ऑफ ते ऑन 5 तास 36. पडद्यावर एकदा 1,180 दिसला आणि मी शेजाऱ्याला उठवून जेट स्ट्रीम समजावून सांगितली. (तोच पट्टीवाला नव्हता. दुर्दैवी नवा माणूस.) उतरलो तेव्हा वेळापत्रकापेक्षा चांगले 53 मिनिटं पुढे होतो. आणि मग कप्तानाचा आवाज: आपण लवकर आलो, आपल्या गेटवर अजून दुसरं विमान उभं आहे. खिडकीतून दिसत होतं ते, त्यात सामान चढत होतं, एक एक पेटी.

ऑन ते इन 38 मिनिटं. एकूण 6 तास 45. तिकिटावर 7.

रात्रपाळी

गेटवाल्यांना आमचा वारा कधीच मान्य नसतो.

घाईत

@खिडकीशेजारी, त्या 38 मिनिटांत अंतर किती कापलंत?

खिडकीशेजारी

साधारण दोन किमी. भागाकार तुम्हीच करा.